हरण्याला हरीण समजणारे

'मंडळी' या गप्पांच्या ग्रुप चालवणाऱ्या कंपनीची नोटीस आली तेव्हा चारुलता बारावीच्या पोरींना जीवशास्त्र शिकवत होती. स्टाफरूममध्ये येऊन फोन पाहिला तर तुषारचे सात मिस्ड कॉल. 'मंडळी'वरचे ग्रुप सांभाळायला बाहेरच्यांनी बनवलेली सगळी ॲपं कंपनी बंद करणार होती. एक जुलैपासून फक्त कंपनीचंच ॲप चालेल. कारण काय, तर म्हणे लोकांची सुरक्षा. गळा दाबतानाही हे लोक सुरक्षाच म्हणणार.

'मंडळी'वर चारुलताचा केळीवाल्यांचा ग्रुप होता. शाहपूरपासून देडतलाईपर्यंतचे अकरा हजार शेतकरी त्यात. ग्रुप ती सांभाळायची तुषारने बनवलेल्या 'पाटी' ॲपवरून. तुषार तिचाच जुना विद्यार्थी, बुऱ्हाणपुरातच वाढलेला, म्हणून त्याच्या ॲपला इथली बोली कळायची. मुख्य म्हणजे हरण्या कळायचा. हरण्या हा केळीचा रोग. कोवळ्या पानावर पिवळे पट्टे येतात, मग पोंगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो. औषध नाही. असं झाड दिसलं की त्याच दिवशी मुळासकट उपटायचं आणि लांब नेऊन जाळायचं, नाहीतर मावा ही कीड तो रोग शेजारच्या शेतात पोचवते.

कंपनीच्या मशीनला मात्र हरण्या म्हणजे हरीण. "हरण्या दिसला, जाळून टाका" असं कोणी लिहिलं की मुक्या प्राण्यावर अत्याचार म्हणून पोस्ट गायब. 'पाटी' ती पोस्ट लगेच चारुलतापुढे आणायची आणि ती एका बोटाने परत लावायची. कंपनीच्या ॲपात ही सोयच नव्हती.

लोक भडकले. देशभरच्या ग्रुपांनी तीन दिवस बंद ठेवायचं ठरवलं. तुषार म्हणाला, मॅडम, आपण यात नको पडू, ढगाळ हवा आहे, हरण्याचेच दिवस आहेत. चारुलताने ऐकलं नाही. आज गप्प बसलो तर उद्या हे आपलं तोंडही शिवतील, असं त्याला सुनावून तिने ग्रुपला कुलूप लावलं. तीन दिवसांनी कंपनी हलली नाही म्हणून आणखी चार दिवस ठेवलं. मग पत्र आलं: ग्रुप उघडा, नाहीतर आम्ही उघडू. तिने दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुप उघडा होता आणि चारुलताचा अधिकार गेलेला होता. तिच्या जागी मशीन बसलं होतं.

तिने टाकलेला हरण्याचा इशारा मिनिटभरही टिकला नाही. दुसऱ्यांदा फोटोसकट टाकला तर खातंच बंद झालं, वर एका पाडसाचं गोंडस चित्र: मुक्या जीवांना जपा. खाकनारच्या ज्या दोघा शेतकऱ्यांनी हरण्याचं लिहिलं, त्यांचंही तेच झालं. ग्रुपवर उरले सुप्रभात आणि रोपांच्या जाहिराती.

आठ दिवसांनी ती स्कूटी काढून शाहपूरला गेली. गिरधर आबांची पाच हजार रोपं होती आणि त्यांच्या शब्दावर अख्खं गाव चालायचं. बांधालगतच्या तिसऱ्याच रोपावर तिला पट्टे दिसले.

"आबा, हा हरण्या आहे. आजच्या आज उपटा."

आबांनी आधी चहा मागवला. संशय त्यांनाही आला होता, परवा कुदळही काढली होती. मग त्यांनी ग्रुप पाहिला.

"आठ दिवसांत एक आदमी हरण्याचं नाव घेत नाही, मॅडम. अकरा हजार लोक काय आंधळे आहेत?"

"बोलतायत, आबा. जो बोलतो त्याला काढतायत."

"कोण काढतंय?"

"मशीन. हरण्याला हरीण समजतंय ते."

आबांचा मुलगा जीवन फिसकन हसला. आबाही हसले, पण जरा सांभाळून.

"एवढी मोठी कंपनी, आणि तिला हरीण नि केळ वेगळं कळत नाही? तुम्हाला काढलं, त्याचा गुस्सा आहे तुम्हाला. समजतो मी." मग आवाज उतरवून म्हणाले, "मागच्या साली लोकांनी घाबरून चांगली झाडं उपटली, तेव्हा तुम्हीच नियम केला ना, ग्रुपवर पक्कं होत नाही तोवर झाडाला हात लावायचा नाही म्हणून?"

नियम तिचाच होता. ती उठली, बांधाकडे गेली आणि दोन्ही हातांनी ते रोप उपटलं. ओली माती, सहज आलं. पुढच्या रोपाला हात घातला तेव्हा आबा मध्ये उभे राहिले.

"मास्तरीण आहात म्हणून सोडतो. दुसरा कोणी असता ना, तर..."

सरीत वारा शिरला आणि पानं उलटली. पिवळं या ओळीत होतं, पलीकडच्या ओळीत होतं, बांधापलीकडे दुसऱ्याच्या शेतातही होतं. त्या शेतात माणसं वाकून खत टाकत होती.

आबांनी तिच्या हातातलं रोप काढून घेतलं. पोंगा मोडू नये म्हणून ते जपून त्याच खड्ड्यात बसवलं आणि चहूबाजूंनी पायाने माती दाबली.