दुसऱ्या सर्व्हरची वेगळी चूल

रक्ततपासणीच्या त्या मोठ्या प्रयोगशाळेत दोन सर्व्हर होते आणि त्या दोघांत मिळून साठवणीचे एकच सामायिक कपाट, म्हणजे दोघांना जोडलेली एक मोठी डिस्क, होते. पहिल्याने मान टाकली, तर दुसऱ्याने त्याच कपाटातून रुग्णांचे अहवाल काढून काम पुढे न्यावे, अशी ती व्यवस्था. आज दुपारी पहिला सर्व्हर दुरुस्तीसाठी बंद व्हायचा होता, आणि बंद करण्यास हरकत नाही हा शब्द दाजींनी द्यायचा होता.

दाजी म्हणजे तेथील प्रमुख तंत्रज्ञ. त्यांच्या पत्नीचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली काम करीत असे, आणि त्याचे ऐकून सगळी कचेरी त्यांना दाजी म्हणू लागली होती. त्याला ही नोकरी त्यांनीच आपली पत खर्ची घालून मिळवून दिली होती. दुसऱ्या सर्व्हरची तपासणी त्याच्याकडे. "दोघांनाही एकच कपाट दिसतंय, दाजी," असे तो म्हणे, आणि दाजी निःशंक मनाने सही करीत.

आज मात्र, केवळ मनाच्या समाधानासाठी, त्यांनी पहिल्या सर्व्हरवरून कपाटात एक लहानशी फाइल लिहिली आणि ती दुसऱ्यावर उघडू पाहिली. फाइल तेथे नव्हती. कपाटाचे नाव तेच, जोडणी ठीक असल्याची पडद्यावरची खूणही हिरवीच. परंतु त्या नावामागे दुसऱ्या सर्व्हरची स्वतःची डिस्क बसवलेली होती, आणि तिच्यात गेल्या हिवाळ्यानंतरचा एकही अहवाल नव्हता. दुसऱ्याने कधीचीच वेगळी चूल मांडली होती. हे आपोआप घडणारे नव्हते. दाजी मेहुण्याच्या टेबलाशी गेले.

"हे तू केलंस?"

मेहुण्याने खुर्ची वळवली. "अहो, ती जोडणी सारखी तुटायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा फोन. म्हटलं, कटकटच नको. नाव तेच ठेवलं, खूण हिरवी. कुणाचं काय बिघडलं?"

"आणि आज पहिला बंद केला असता तर?"

"तुम्ही एवढं खोलात कधीपासून बघायला लागलात? तुम्ही तर माझ्या तोंडाकडे बघून सही करता." तो हसला. "मॅडमना सांगा, केबल गेली. घरातली गोष्ट घरात राहील. ताईच्या डोक्याला उगाच ताप नको."

दाजींना आता उमगले. त्याने नुसते यंत्राला फसवले नव्हते. दाजींचा विश्वास किती भार सोसेल, याचा अंदाज घेऊन तो त्यावर खुशाल पाय रोवून उभा राहिला होता.

तेवढ्यात प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमचा फोन आला. "दाजी, करायचा ना बंद?"

"नको, मॅडम. दुसऱ्यावर अहवालच नाहीत. न बघता सही केली, ही चूक माझी. कपाटाची जोडणी का तोडली, ते हा सांगेल."

त्यांनी फोन मेहुण्याच्या हाती दिला. त्याने घसा साफ केला आणि दाजींच्या डोळ्यांत डोळे घालून मधाळ आवाजात म्हणाला, "मॅडम, मी दाजींना तेव्हाच म्हटलं होतं, असं नका करू. पण मोठ्या माणसाला आपण किती सांगणार?"

दाजींनी फोन हिसकावून घेतला नाही. ते पडद्याकडे वळले. प्रथम त्यांनी मेहुण्याचा पासवर्ड रद्द केला. मग दुसऱ्या सर्व्हरची जोडणी मुळापासून बांधावयास घेतली. घरी पत्नीला कोणत्या तोंडाने सांगावे, हे त्यांना सुचत नव्हते. मागे मेहुणा अजून बोलतच होता, आणि दर वाक्यात मोठ्या आदराने 'दाजी' म्हणत होता.