मास्तरांचा लांब दांड्याचा पटर

मित्रांनो, मी एक जुना पटर आहे. गोल्फमध्ये हिरवळीवरचा चेंडू हलकेच खळग्यात लोटायची जी काठी असते, तिला पटर म्हणतात. माझा दांडा मात्र लांबलचक, उभ्या माणसाच्या छातीला टेकेल इतका.

मला गोल्फच्या मास्तरांनी घडवलं. तरुणपणी ते नावाजलेले खेळाडू होते. मग एका स्पर्धेत ऐन वेळी हात थरथरला आणि हातभर अंतरावरचा खळगा चुकला. पुढे प्रत्येक स्पर्धेत तेच.

"हात ऐकत नसेल तर छातीला कामाला लावा!" मास्तरांच्या पत्नी, मास्तरीणबाई, वैतागून म्हणाल्या.

मास्तरांनी ते मनावर घेतलं. जुन्या पितळी कड्या वितळवून माझं डोकं ओतलं. छातीला टेकवून खेळल्यावर हात थरथरेना. त्या वर्षी आम्ही मोठी स्पर्धा मारली. लोकांनी मला हातात धरून फोटो काढले.

कौतुक चार दिवसांचं. नियम करणारे साहेब म्हणाले, "मास्तर, काठी छातीला टेकवायची नाही. हा हातांचा खेळ आहे."

मास्तर भांडले नाहीत. स्पर्धा सोडून शिकवू लागले. शोध लावणं काही सुटलं नाही. चेंडू गोळा करायचं यंत्र केलं, त्याने शेजाऱ्यांच्या चपलाही गोळा केल्या. काठीला पावसात न निसटणारी मूठ केली, ती मात्र सगळ्यांनी उचलून धरली. मी शेडच्या कोपऱ्यात पडलो. माझ्यावर ओले रेनकोट वाळले. छतावरची कोळ्यांची जाळी काढायलाही मला नेलं, लपवू कशाला?

आता मास्तर थकले. सगळं विसरतात. दिवसभर स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. एकदा बाईंनी मला त्यांच्यासमोर ठेवलं.

"अहो, याचं डोकं हलतंय. बघता का जरा?"

मास्तरांनी चष्मा लावला, स्क्रू आवळला, पितळ पुसलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी त्यांना काहीच आठवेना. तेव्हापासून ते आंघोळीला गेले की बाई माझा स्क्रू गुपचूप सैल करतात.

"कोणी वापरला हा? पार खिळखिळा केलाय!" मास्तर रोज करवादतात.

"तुमचेच शिष्य, दुसरं कोण?" बाई म्हणतात.

मित्रांनो, खरं सांगू? ही रोजची पिळवणूक आता सोसवत नाही. जुन्या वस्तू पुसून, कोरड्या ठेवा. पण जुन्या माणसांना तसं नुसतं ठेवू नका. त्यांच्या हाताला काहीतरी काम द्या.

काल माझा स्क्रू नुसताच गरगर फिरू लागला. आटे झिजले होते. मला वाटलं, सुटलो एकदाचा. बाईंनी स्क्रूला दोरा गुंडाळला, तो परत बसवला आणि हाक मारली, "अहो, येताय ना?"