सांत्वन घरपोच

माझे आजेसासरे घड्याळे दुरुस्त करीत, सासरे ती विकीत, आणि आमचे यजमान शाळेत घड्याळाकडे पाहून उशिरा येणाऱ्यांचे कान पिळीत. पण कुणाच्या घरी माणूस गेले, की तिघेही हातातले काम टाकून स्वतः जात. चौथ्या पिढीत आमचे चिरंजीव जन्मले. त्यांना वेळच नसतो.

परवा मागच्या गल्लीतले बेकरीवाले वारले. मी म्हणाले, "जाऊन ये."

"आई, मीटिंग आहे गं. फुलं पाठवतो ना! हल्ली तेच करतात."

फुलांना माझी ना नाही. पण त्यांनाही रीत असते. दुःखातल्या घराला फुलदाण्या शोधत फिरायला लावू नये. वास मंद असावा. चिठ्ठीवर गेलेल्याचे नाव असावे, पाठवणाऱ्याचा हुद्दा नव्हे. आणि फुले माणसाच्या आधी जावीत किंवा मागून, माणसाऐवजी कदापि नाही.

"अहो, मोठंच घ्या," सूनबाई फोनमध्ये डोकावून म्हणाल्या. "वकिलांनी मागे केवढं पाठवलं होतं!"

शोकातही शेजाऱ्यांना मागे टाकण्याची ही जिद्द पाहून माझा ऊर भरून आला.

तासाभरात पुरुषभर उंचीचे पुष्पचक्र आले. आमच्याच दारात. फोनमध्ये आपला पत्ता आधीच भरलेला असतो. तो बदलण्याइतकीही सवड चिरंजीवांना झाली नव्हती. रेशमी पट्टीवर लिहिले होते, 'आपल्या दुःखात सहभागी'. खाली चिरंजीवांचा हुद्दा, कंपनी आणि फोन नंबर. न जाणो, मृताला काही काम निघाले तर!

आणणाऱ्याने मान खाली घालून विचारले, "घरातलं कोण गेलं, आजी?"

"अजून ठरायचंय."

वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई डोळे पुसत खाली आल्या आणि मला पाहून किंचाळल्या, "अगं बाई, तुम्ही!"

"निराशा झाली का हो?"

चिरंजीव धावत बाहेर आले. "आई, आत्ता गाडीत घालून पाठवतो."

"ते राहू दे. मला लागेलच कधीतरी. तू चल."

"अगं, मीटिंग..."

आमच्या घराण्यात रागावलेले माणूस आवाज चढवीत नाही, उतरवते. "तुझे वडील गेले तेव्हा तू परदेशात होतास. खांद्याला तीनच माणसं होती. चौथा खांदा कुणी दिला, ठाऊक आहे?"

त्यांना ठाऊक नव्हते.

"या बेकरीवाल्यांनी. भट्टी विझवून, पिठाच्या हातांनी धावत आले. आज त्यांच्या घरी मुलगा नाही."

चिरंजीवांनी फोन सूनबाईंच्या हातात ठेवला.

बेकरीच्या मागच्या खोलीत दोन पुतणे आणि एक म्हातारा कारागीर भिंतीला टेकून उभे होते. बेकरीवालीणबाईंची नजर रस्त्याकडे होती.

"वहिनी, फुलं आणली नाहीत," मी म्हणाले.

"फुलं काय करायचीत, ताई? माणसं कमी पडतायत."

चिरंजीवांनी कोट काढून पिठाच्या पोत्यावर ठेवला आणि ते पुढे झाले. बाकीचे तिघे बुटके. उंची जुळवायला चिरंजीवांना गुडघे वाकवून चालावे लागले. कोपऱ्यावर कुणी खांदा बदलायला आले, तर मानेनेच नको म्हणाले. शेवटपर्यंत उतरवला नाही.

आमच्या घराकडून एक खांदा देणे होता. तो त्या दुपारी पुरता फिटला.