टकरीआधीची शर्यत

“डॅडी, या शनिवारी म्हातारीला मी पळवू का?”

मित्रांनो, ही म्हातारी म्हणजे मीच. आणि विचारणारी मेसी. ‘विचारून दाखव’ अशी मैत्रिणींनी पैज लावली नसती, तर तिचं धाडसच झालं नसतं.

मी अमेरिकेत कॅरोलायनातल्या डांबरी रिंगणावरची एक जुनी शर्यतीची गाडी आहे. आधी मी साधी घरगुती गाडी होते, बाजारहाट करणारी. मेसीच्या डॅडींनी, म्हणजे वेंडलनी, माझ्या पोटात लोखंडी पिंजरा बसवला आणि दारं कायमची जोडून टाकली. तेव्हापासून माझ्यात खिडकीतून शिरावं लागतं. मी जिंकले, तेव्हा लोकांनी उकडलेल्या शेंगांच्या ओल्या हातांनी माझा टप थोपटला. पुढे वेग उतरला आणि माझ्यावर ताडपत्री पडली. ती उचलून मला पुसायची फक्त मेसी.

आता तिच्यासाठी नवी गाडी येणार होती आणि शेडमध्ये जागा एकीचीच. हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, शर्यतीनंतर, आमच्याकडे जुन्या गाड्यांची टक्कर लावतात. चुरा होईपर्यंत. वेंडल म्हणाले, “पळव. पहिली आलीस तर म्हातारीसाठी दुसरी जागा शोधू. नाहीतर ती टकरीला जाईल.”

शनिवारी मेसीने एकेकाला मागे टाकलं. पुढे उरला फक्त शेजारचा कर्टिस. म्हातारीला काठी आणलीस का, असं त्याने सकाळीच विचारून घेतलं होतं. शेवटच्या फेरीत मी त्याला मागून इतकी चिकटले, की त्याचा धूर माझ्या नाकाला झोंबत होता. वेंडल रेडिओवर म्हणाले, “मागून हलकासा धक्का दे. सरकेल तो.”

आमच्याकडे तशी रीतच आहे, कोणी मनाला लावून घेत नाही. पण माझ्या नाकामागेच जुना रेडिएटर, मेसीनेच डाग देऊन सांधलेला. धक्क्याने तो फुटला असता आणि तापून इंजिन कायमचं बसलं असतं. मेसीला ते ठाऊक होतं. तिने स्टिअरिंगचं चाक बाहेरच्या बाजूला वळवलं. रिंगणाच्या भिंतीला घासत, कर्टिसच्या दाराला दार भिडवून आम्ही निघालो.

शेवटच्या रेषेवर त्याचं नाक माझ्यापुढे वीतभर होतं.

टकरीची माणसं दोर घेऊन आली. मेसी पट्टे न सोडता आतच बसून राहिली. तिची आई, रीनी, खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, “बाळा, ये बाहेर. ठरलं ते ठरलं.”

मित्रांनो, जुन्या वस्तूला हारतुरे नको असतात. आपलं दुखतं कुठे, हे कोणीतरी ओळखावं, एवढंच. तुमच्या घरातही एखादी ताडपत्री असेल. ती जरा उचलून बघा.

मेसीने हेल्मेट काढलं आणि माझ्या स्टिअरिंगवर हात ठेवला.

“ममा, डॅडी, हरले ते मी, ही नाही. नवी गाडी आणू नका. शेडमधली जागा हिची. पुढच्या हंगामात मी हिच्यातच बसणार.”