दोन मिनिटांची भाजी

"नको. लोखंड चाटल्यासारखं लागू लागलंय," म्हणत जयवंताबाईंनी खिचडीची वाटी बाजूला सारली.

नामदेवरावांनी ती उचलली. सकाळचं दूधही तसंच पडून होतं. ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. दर एकवीस दिवसांनी सलाईनमधून औषध द्यायचं होतं, पण या खेपेला डॉक्टरांनी वजन पाहिलं आणि तारीख पुढे ढकलली. "पोटात अन्न गेल्याशिवाय पुढचं औषध झेपणार नाही," एवढंच ते म्हणाले.

लेक तेजश्री नांदेडहून येऊन पंधरा दिवस राहिली आणि मुलांच्या परीक्षेसाठी परत गेली. आता अंबरपेठच्या त्या घरात दोघंच. नामदेवरावांनी बस डेपोच्या भांडारात बत्तीस वर्षं काढली होती. कुठला नट कुठल्या खणात, हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. स्वतःच्या घरात मीठ कुठे असतं, ते मात्र विचारावं लागे.

इतक्यात वरच्या खोलीतून लसणाचा वास खाली आला. वर मृण्मयी नावाची पुण्याची मुलगी भाड्यानं राहायची. कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. कंपनीनं सहा महिने सिंगापूरला पाठवलं होतं, तिथून ती चिनी पद्धतीचा स्वयंपाक शिकून आली होती. राहायला आल्यावर दुसऱ्याच रविवारी नामदेवरावांनी तिला बजावलं होतं, "असला वास आमच्या घरात चालत नाही." तेव्हापासून ती खिडकी लावून रांधायची.

जयवंताबाईंनी उशीवरून मान उचलली. "कशाचा वास येऊ लागलाय हो?"

"वरच्या पोरीचं काहीतरी असंल. सांगून येतो तिला."

"सांगू नका. थोडं मागून आणा."

महिन्याभरात बाईंनी पहिल्यांदाच काही खायला मागितलं होतं. नामदेवराव वाटी घेऊन जिना चढले. दार मृण्मयीनं उघडलं.

"सॉरी काका, खिडकी लावायची राहिली," तीच आधी म्हणाली.

"राहू दे उघडी. तुझ्या काकूला… थोडं पाहिजे होतं."

तिनं कढईतलं सगळंच वाटीत ओतलं. होता साधा, इथल्या तेलुगूतला तोटकूरा, म्हणजे आपला माठ. पण पानं अख्खी, हिरवीगार, देठ ताठ. जयवंताबाईंनी एक पान तोंडात धरलं, जरा थांबल्या, मग दुसरं घेतलं. "देठ करकरीत लागतोय," त्या म्हणाल्या. "चव कळू लागली मला." त्या भाजीबरोबर मूठभर भात गेला. नामदेवराव उगाच पाणी आणायला आत गेले आणि रांजणापाशी बराच वेळ उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते पुन्हा वर गेले, जुडी हातात घेऊनच. "मला शिकव."

मृण्मयी हसली नाही. तिनं कढई मोठ्या आचेवर ठेवली, धूर निघेपर्यंत वाट पाहिली, मग तेल, ठेचलेला लसूण, आल्याचे काप, आणि त्यावर भाजी. "आता हात थांबवायचा नाही काका. सोया सॉस शेवटी, चमचाभरच. सॉस खारट असतो, मीठ घालू नका."

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः केली आणि सवयीनं वर झाकण ठेवलं. भाजीचा काळपट लगदा झाला. जयवंताबाईंनी एक घास घेतला आणि तोंड फिरवलं.

"झाकण ठेवलंत का?"

"हौ."

"मग आता न झाकता करा ना. दुसरी जुडी आहे की."

दुसरी जुडी जमली. त्यानंतर रोज जमत गेली. कधी पालक, कधी कोबी, कधी लांब चिरलेला घेवडा. भाताबरोबर अर्धी भाकरीही जाऊ लागली. वजन दोन किलोनं वाढलं, औषध पुन्हा सुरू झालं, आणि संक्रांतीच्या सुमारास शेवटचं सलाईन निघालं. डोक्यावर बारीक केस यायला लागले तेव्हा जयवंताबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून नवऱ्याला सूचना करायच्या. ते ऐकायचे.

मार्चमध्ये मृण्मयीची अमेरिकेची बदली आली. निघायच्या दिवशी दुपारी ती निरोप घ्यायला खाली आली तेव्हा रिक्षा फाटकाशी उभी होती.

"काका, उशीर होतोय."

"जेवून जा. दोन मिनिटं लागतात. तूच शिकवलंस."

जयवंताबाईंनी भात वाढला. नामदेवरावांनी कढई तापवली, हात न थांबवता भाजी परतली आणि ताटात ओतली. मृण्मयी ओट्याशी उभ्यानंच जेवली. मध्येच म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगली झालीय." कसे आभार मानायचे हे नामदेवरावांनी चार दिवस मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एक वाक्यही आठवेना.

ती हात धुवायला नळाकडे वळली, तशी त्यांनी तांब्या उचलला.

"काका, अहो, मी धुते ना."

"हात पुढं कर, बेटा."

तिनं ओंजळ पुढे केली. बाहेर रिक्षावाल्यानं हॉर्न दिला. व्याह्याच्या हातावर मानानं घालावं तसं, घाई न करता, बारीक धार धरून नामदेवराव तिच्या हातांवर पाणी घालत राहिले.