हँडलवरची साखरेची डबी

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. जुनी म्हणजे भंगार नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कारखान्यात मला हिरव्या रंगाचे तीन हात दिले, तेव्हा काय मिरवले असेन मी! पुढे शिवणकाम करणाऱ्या एका बाईने मला विकत घेतले. मागे गिऱ्हाइकांचे कपडे आणि पुढच्या दांडीवर तिची मुलगी ठकी, असा माझा संसार सुरू झाला.

ठकी सात वर्षांची असताना सारखी पाणी पिऊ लागली, वाळून काडी झाली. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. "एवढ्याशा पोरीला?" असे म्हणत आई माझ्या सीटवर डोके टेकून रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. रोज इन्सुलिनची सुई, रोज बोट टोचून रक्ताची तपासणी. रक्तातली साखर एकदम उतरली तर गोड काही हाताशी असावे, म्हणून तिने माझ्या हँडलला पत्र्याची एक डबी बांधली. आत साखरेचे खडे, वर चिठ्ठी: 'ठकीसाठी'. त्या डबीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. एकदा बाबांनी त्यातला खडा चहात टाकला, तर आठवडाभर बिचारे बोलणी खात होते.

गावात मधुमेह असलेली आणखीही मुले होती, आणि रक्त तपासायच्या पट्ट्या त्यातल्या काहींच्या घरी संपून जात. मग त्यांच्या आया अंदाजानेच सुई देत. ते ठकीच्या आईला पाहवेना. तिने ठरवले, मोठ्या दवाखान्यापर्यंत एकशे वीस किलोमीटर सायकल चालवायची आणि दर किलोमीटरमागे ओळखीच्यांनी त्या मुलांसाठी पट्ट्यांचे एक पाकीट द्यायचे. ती जिथे थांबेल, तिथे पाकिटेही थांबणार.

"या खटाऱ्यावर?" शेजारी हसले. अस्सा राग आला मला! पण सायकलवाल्या काकांनी नवी साखळी चढवली, ब्रेक आवळले आणि म्हणाले, "हाडं मजबूत आहेत हिची. खुशाल जा."

निघताना आईने ठकीचे औषध, ठकीचे जेवण, सगळे बाबांना तीनतीनदा बजावले. स्वतःचा जेवणाचा डबा मात्र ओट्यावरच विसरली. अठ्ठ्याऐंशी किलोमीटर झाले आणि चढ लागला. तिचे हात थरथरू लागले. माझे चाक वेडेवाकडे जाऊ लागले. ती उतरली, मला दगडाला टेकवले आणि घरी फोन लावला.

"ठके, मला नाही जमायचं गं. इथूनच परत येते."

"आई, घाम आलाय? हात कापतायत?"

"हो. तुला कसं कळलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला? सकाळपासून काय खाल्लंस?"

"डबा ओट्यावरच राहिला गं."

"डबी उघड."

"ती तुझी आहे, बाळा."

"माझ्याजवळ इथे दुसरी आहे. दोन खडे तोंडात टाक आणि पंधरा मिनिटं जागची हलायची नाहीस. मग दुकान गाठून पोटभर खायचं. उलट बोलायचं नाही!"

हे सगळे आईचेच शब्द होते. आई हसली, मग रडली आणि खडे चघळत मुकाट्याने बसून राहिली. पुढच्या वळणावर दुकान होते. तिथे ती पाव आणि केळी पोटभर जेवली. दिवेलागणीला आम्ही दवाखान्याच्या दारात पोहोचलो. एकशे वीस पाकिटे मिळाली.

चार दिवस माझे फार कौतुक झाले. पुढे घरात स्कूटर आली आणि मी जिन्याखाली गेले. टायर बसला, साखळी गंजली, रंगही उडाला. वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

तरी मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला अधूनमधून तेल द्या. आणि जे माणूस तुमच्यासाठी राबते, ते स्वतः जेवले का, तेवढे विचारा. ठकी विचारते. मी जिन्याखाली असले तरी ती दर महिन्याला माझ्या डबीत ताजे खडे भरते. चिठ्ठीवर तिने आम्ही घरी परतलो त्याच दिवशी पेन्सिलीने लिहिले होते: 'आणि आईसाठी'.