बावीस फोडी

कैरीची फोड सुकून तपकिरी झाली होती, कडेनं वळली होती, आणि तिच्या एका टोकाला दातांची ओळ होती... वरचे चार, खालचे तीन. हे दात आपलेच, हे रघुवीरला आठ दिवस रोज सकाळी नव्यानं मान्य करावं लागत होतं. खिडकीच्या फळीवर ती पडून होती. दोन दिवस मुंग्या आल्या, मिठाची चव घेऊन गेल्या, मग त्यांनीही नाद सोडला. फेकावी तर कुठं? अंगणात टाकली तर कुणाला तरी दिसणार. चुलीत घातली तर — चुलीत घातली तर काय होतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत नसणं ही गोष्ट आता त्याला पूर्वीइतकी हलकी वाटत नव्हती.

आज पंडुम होता. गावाबाहेर देवापाशी नवा आंबा ठेवायचा, गायत्यानं, म्हणजे गावच्या पुजाऱ्यानं, तो देवाला आणि वाडवडिलांना द्यायचा, आणि मग गावानं खायचा. त्याआधी कुणी झाडाची कैरी तोडायची नाही की तोंडाला लावायची नाही. इतकी साधी गोष्ट. अख्ख्या गावात ती ठाऊक नसलेला एकच माणूस होता, आणि तो मास्तर होता.

रघुवीर केरकर, वय चोवीस, राहणार फोंड्याकडचा. म्हणजे पोर्तुगिजांच्या मुलखातला. पंचावन्न सालच्या जुलैत तो धानोऱ्याच्या पुढच्या या गावी इंग्रजी शिकवायला आला आणि ऑगस्टात मागं गोव्याची सरहद्द बंद झाली. परतीचं दार कुणीतरी त्याच्या पाठीमागून हळूच लोटून घ्यावं तशी. आईची पत्रं महिनामहिना येत नसत. बाजाराच्या दिवशी बाया टोपल्या खाली ठेवून त्याच्याकडं निवांत पाहत — त्याचे बूट, त्याचा चष्मा, त्याचं दुकानदाराशी अडखळणं. फोंडा कुठं आहे हे तो सुरुवातीला सांगत असे. मग त्यानं सोडून दिलं. समुद्र म्हणजे काय, इथपासून सुरुवात करावी लागे.

पण ऐट कमी नव्हती हं मास्तरांची. जंगलातल्या मुलांना आपण जगाची खिडकी उघडून देणार, असं त्यानं आईला लिहिलं होतं. त्या खिडकीशी यायला मुलांना किती पायऱ्या चढाव्या लागत, हे त्यानं कधी मोजलं नव्हतं. घरी गोंडी, दुकानात झाडीबोली, पुस्तकात पुण्याची मराठी, आणि या सगळ्याच्या डोक्यावर त्याचं इंग्रजी. नऊ महिने वर्गानं तोंड उघडलं नव्हतं. विचारलं की मुलं उभी राहत, जमिनीकडं बघत आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. शब्द ओठांपर्यंत येई आणि तिथंच फतकल मारून बसे.

ट्रेनिंगात शिकवलं होतं, वस्तू हातात द्या, शब्द आपोआप तोंडात येतो. म्हणून त्यानं शाळेमागच्या झाडाच्या तीन कैऱ्या दगडानं पाडल्या — पहिलीला पहिल्याच दगडात नेम लागला, त्याचा कोण अभिमान वाटला होता त्याला — चिरल्या, मीठ लावलं, आणि बावीस मुलांच्या तळहातांवर बावीस फोडी ठेवल्या. तेविसावी स्वतः घेतली. धिस इज अ मँगो, असं म्हणाला आणि कचकन चावली. आता तुम्ही. म्हणा आणि खा. बावीस मुठी मिटल्या. कुणी खाईना, कुणी टाकीना. खा, तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला. मग... हे आठवलं की अजून माझे कान तापतात... मग मी पट्टी टेबलावर आपटली. पहिल्या रांगेत धुरपता होती, पत्रू गायत्याची नात. तिच्या मिटल्या मुठीतून मिठाचं पाणी ओघळून कोपरापर्यंत आलं होतं, आणि ती माझ्याकडं नाही, दारातून दिसणाऱ्या त्या झाडाकडं बघत होती. मला वाटलं, किती हट्टी मुलगी.

दुसऱ्या दिवशी वर्गात चटया होत्या, मुलं नव्हती. दोन दिवस तो रागावून बसला. तिसऱ्या दिवशी पाणी भरायला आलेल्या नीलाबाईनं घागर उतरवता उतरवता सांगितलं, अगदी हवापाण्याचं सांगावं तसं.

"पंडुमाच्या आंदी कैरी खाल्ली ना तुमी, मास्तर. पोराइच्या हातातबी देल्ली."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी कोनाले इचारलं?"

त्या प्रश्नानं त्याची रात्रीची भाकरी गेली. नऊ महिन्यांत त्यानं किती प्रश्न विचारले होते! व्हॉट इज धिस, व्हॉट इज धॅट. उत्तर आधीच खिशात असलेले प्रश्न सगळे. उत्तर माहीत नसताना विचारलेला एकही त्याला आठवेना.

हेडमास्तर भैयाजी मुळातले भले गृहस्थ. कुरखेड्याकडचे, धानवाले, इथं बारा वर्षं काढलेले. इंग्रजीचा वर्ग त्यांनीच वर खटपट करून मिळवला होता, तोही एका वर्षाच्या बोलीवर. महिनाअखेर पट रिकामा राहिला तर वर्ग बंद. वर्ग बंद तर मास्तरही बंद. आणि मग जायचं कुठं? हा प्रश्न रघुवीर अर्ध्यावर सोडून देई, कारण पुढं सरहद्द होती.

"मी बोलतो पत्रूभाऊशी," भैयाजी म्हणाले होते. गेले, आणि संध्याकाळी खांदे पाडून परत आले. "नाई म्हनते. ज्याची चूक त्यानं पंडुमाच्या दिवशी गावासमोर उभं राहून सांगाची, आपल्या तोंडानं, लहानथोर सगळ्याइले समजन अशा बोलीत. दुसऱ्याचं तोंड चालत नाई."

"म्हणजे गोंडीत?"

"मंग काय इंग्रजीत? तुमी राहू द्या, मास्तर. हसं होईन. तिथी जाऊच नका."

तो जाणार नव्हताच. पण दुसऱ्या दिवशी नीलाबाईनं घागर उतरवल्यावर त्याच्या तोंडून आपोआप निघालं, माझी चूक झाली, हे तुमच्यात कसं म्हणतात? तिनं सांगितलं. त्यानं म्हटलं. ती पदरात तोंड घालून इतकी हसली की अर्धी घागर कलंडली. मग पाच दिवस, रोज उन्हं कलली की, ओसरीवर तिची शाळा भरली. नऊ वाक्यं, पुन्हा पुन्हा. कुंपणामागं पालापाचोळा सारखा वाजत होता. त्याला वाटलं, कोंबड्या असतील.

आणि आज. बूट घालावेत की नाही यावर त्यानं बराच वेळ घालवला आणि शेवटी अनवाणीच निघाला. वाटेवर मोहाची शेवटची फुलं पडलेली, त्यांचा गोड, आंबूस, डोक्यात चढणारा वास... नऊ वाक्यांतलं चौथं सारखं निसटत होतं, आणि तरी गंमत अशी की या सगळ्या भीतीच्या तळाशी त्याला आनंद होत होता. कशाचा, ते कळेना. बी.ए.चा निकाल ऐकायला जाताना झाला नव्हता एवढा. वेडा आहेस, तो स्वतःला म्हणाला, आणि चालत राहिला.

सगळं गाव देवापाशी बसलं होतं. पुरुष एकीकडं, बाया एकीकडं. मुलं त्यांच्यात नव्हती. त्याची बावीस मुलं लांब, एका सालईच्या झाडाखाली वेगळी बसवलेली होती. त्याला पाहून भैयाजी लगबगीनं जवळ आले.

"आलेच शेवटी," ते पुटपुटले.

"मुलं तिथं का?"

"त्याइच्या हातात फोड होती ना. खाल्ली नाई म्हनतात. पन ज्यानं देल्ली त्यानं सांगतल्याबिगर कसं मानाचं? आज त्याइले आंबा नाई."

हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. आठ दिवस तो आपली नोकरी, आपली सरहद्द, आपलं हसं मोजत बसला होता, आणि इकडं बावीस घरांत एकेक मूल आपल्याच आईबापापुढं खोटं ठरून बसलं होतं, माझ्यामुळं.

पत्रू गायता काटकुळा, पांढऱ्या केसांचा, आवाज मात्र तरुण. "सांग," तो एवढंच म्हणाला.

रघुवीर उभा राहिला. नावा परोल रघुवीर, त्यानं सुरुवात केली — माझं नाव रघुवीर — आणि म्हाताऱ्या बायांच्या रांगेत खसखस पिकली. दुसरं वाक्य, मी लांबून आलो. तिसरं, मला तुमची रीत माहीत नव्हती. चौथं... चौथं नव्हतं. होतं तिथं नुसती पांढरी भिंत होती. घाम कानामागून मानेत उतरला. शंभर डोळे आपल्यावर आणि तोंडात जीभ म्हणजे लाकडाची ढलपी. त्यानं मान खाली घातली, आणि त्याला दिसलं की त्याच्या उजव्या पायाचा अंगठा माती उकरतोय. बराच वेळ उकरत असावा; चांगला खड्डा पडला होता.

म्हणजे असं असतं तर हे. नऊ महिने रोज मी यांना इथं उभं केलं, याच जागी, आणि वर वाट बघत राहिलो, पट्टी हातात धरून...

सालईखालून एक शब्द आला. बारीक, पण स्पष्ट. धुरपता होती. त्यानं वर पाहिलं. मग शेजारच्या झाडू नावाच्या पोरानं तोच शब्द म्हटला, पुढचाही म्हटला, मग रांगेनं, आणि मग बावीसच्या बावीस तोंडांतून चौथं वाक्य अख्खं बाहेर पडलं, खणखणीत, बाराखडी म्हणावी तसं. म्हणजे कुंपणामागं कोंबड्या नव्हत्या. वर्गात कुजबुजून सांगणाऱ्याला तो उभं करून ठेवत असे. इथं कुजबूज कसली, आरोळीच होती. त्या मुलांना आवाज आहेत! केवढे मोठे, किती वेगवेगळे; झाडूचा घोगरा, धुरपताचा धारदार. नऊ महिन्यांत त्यानं ते पहिल्यांदा ऐकले, आणि त्याला इतका हर्ष झाला की पाचवं वाक्य त्यानं ओरडूनच म्हटलं. सहावं, सातवं, आठवं. तो एकदा म्हणे, मुलं पुन्हा म्हणत. नववं संपलं तेव्हा बाया पदरानं डोळे पुशीत हसत होत्या आणि भैयाजी कुठंतरी दुसरीकडंच बघत होते.

पत्रू गायता हसला नाही.

"अन् पोराइच्या हातात देल्ली, ते?"

या प्रश्नाचं वाक्य नीलाबाईनं शिकवलं नव्हतं. मग जे जवळ होतं ते घेऊन रघुवीर निघाला — गोंडीचे चार शब्द, त्याला जोडून पुस्तकी मराठी, मध्येच घरची कोंकणी, आणि उरलेलं सगळं हातांनी. मी तोडली. मी दिली. खा म्हणून ओरडलो. पट्टी आपटली. त्यांनी खाल्ली नाही. एकानंही नाही, मी पाहिलं. मुठी मिटून बसली होती. मी मोठा होतो, मास्तर होतो, आणि तरी त्यांनी माझं ऐकलं नाही. बरं केलं त्यांनी, हे शेवटचं तो कोंकणीतच म्हणाला, आणि ते मात्र सगळ्यांना कळल्यासारखं वाटलं.

गायता सालईकडं वळला. "फोडी कुठी हायेत?"

धुरपता उठली. "शाळेमागं, आजा. झाडाच्या बुडाशी. त्याच दिवशी पुरल्या, सगळ्याइच्या." मग मास्तरकडं न बघता ती म्हणाली, "झाडाले सांगतलं, याले समजत नाई म्हनून."

गावभर हशा पिकला, आणि त्यात पहिल्यांदा गायत्याचाही आवाज होता. त्यानं हात वर करून बोटांनी खूण केली. बावीस मुलं उठली आणि धावत आपापल्या घरच्यांत शिरली; एका बाईनं आपल्या मुलाला मांडीवर ओढलं, तो मांडीवर बसण्याच्या वयाचा मुळीच नव्हता, आणि त्यानं ते खुशाल होऊ दिलं. रघुवीरला ते दिसलं आणि बाकी काही नीट दिसेना. त्यानं चष्मा पुसला.

देवाला आंबा दिला गेला. मग पळसाच्या पानावर सगळ्यांना आला, गुळाबरोबर. तो पुरुषांच्या रांगेच्या शेवटी बसला. कुणी बस म्हटलं नाही, कुणी ऊठही म्हटलं नाही, शेजारचा फक्त थोडा सरकला. आंबट आणि गोड एकदम जिभेवर आलं. सोमवारी वर्ग भरेल? भैयाजींनी मघाशीच कानात सांगितलं होतं, पोरं धाडतो असं अजून कोनी म्हनलं नाई, मास्तर. खरंच, कुणी म्हटलं नव्हतं. महिनाही संपत आला होता. त्यानं ते ऐकलं होतं, समजलंही होतं, आणि तरी त्याचं चित्त पुन्हा पुन्हा दुसरीकडंच पळत होतं — गुळाला काय म्हणत असतील, पळसाला काय, आणि शेजाऱ्यानं सरकताना जे पुटपुटलं त्याचा अर्थ काय. धुरपताला विचारायला हवं. तिला येतं.

पलीकडच्या गावचा एक पाहुणा गायत्याशेजारी बसला होता. त्यानं रघुवीरकडं हनुवटी करून विचारलं, "हा कोन व्हय?"

पत्रू गायत्यानं तोंडातला घास सावकाश संपवला.

"शाळेतला हाय," तो म्हणाला. "शिकून राह्यला."

पाहुण्यानं मान हलवली आणि पुन्हा खायला लागला. शिकतोय, असं म्हणाला होता गायता; रघुवीर पानाकडं बघत बसून राहिला. आजवर त्याच्या नावापुढं बरंच काही लागलं होतं, मास्तर लागलं होतं, बी.ए. लागलं होतं, परका तर न बोलता लागतच होतं. पण यातल्या कशानंही त्याची छाती अशी भरून आली नव्हती, आणि ती का भरून यावी हे त्याला या क्षणी कुठल्याच भाषेत सांगता आलं नसतं.